परक्या हाताचं काडतूस

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडत होतं. आधी वाटलं, कोटाचं बटण निखळलं असेल, पण बटणाचा आवाज इतका खणखणीत नसतो. मशीन मध्येच थांबवून मी फेसात हात घातला आणि नोरीनच्या कॅनव्हासच्या जाकिटाचा खिसा चाचपला. पितळी पुंगळी निघाली, झाडलेल्या काडतुसाची. यात नवल काहीच नव्हतं. आमच्या घरात पुंगळ्या कुठेही सापडतात, सोफ्याच्या फटीत, चमच्यांच्या खणात. एका वर्षी टर्कीच्या सारणात निघाली होती आणि नोरीनच्या बहिणीने ते आम्हाला अजून विसरू दिलेलं नाही. मी ती टॉवेलला पुसली, सवयीने खिडकीच्या उजेडात धरली, बोटांत फिरवली आणि पुन्हा एकदा फिरवली. पुंगळी माझ्या हातची नव्हती.

कसं ओळखलं म्हणाल, तर चाळीस वर्षं मी दातांच्या डॉक्टरांना दात बनवून दिले आहेत. ग्रेट फॉल्सच्या बाजारात कोणी तोंड उघडून हसलं, तर त्यातला माझ्या हातचा दात मला लांबून कळतो. पुंगळीचंही तसंच. कारखान्यातून येते तेव्हा तिच्या मानेची जाडी सगळीकडे सारखी नसते, मग गोळी जराशी तिरकी निघते, म्हणून ती मान बाहेरून केसभर तासून घ्यावी लागते. मी तासताना पातं पुंगळीच्या मानेखालच्या खांद्यावर किंचित उतरू देतो, तिथे एक बारीक चकचकीत कडं राहतं. या पुंगळीवर ते कडं नव्हतं. पातं खांद्याच्या अलीकडे थांबलं होतं, नेमकं, हात न बिचकता. काम वाईट असतं तर मी पुंगळी कचऱ्यात टाकून कपडे वाळत घातले असते. पण काम चांगलं होतं. मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसलो आणि साबणाचं पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत गळत राहिलं.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक जुनं बोलणं आहे: माणसाची गाडी मागावी, कुत्रं मागावं, शिडी तर मागावीच, पण त्याने भरलेलं काडतूस मागू नये. कारण उघड आहे. पुंगळीत बंदुकीची दारू किती आणि कुठली, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. तो स्फोट व्हायचा आपल्या गालाजवळ, डोळ्यापासून चार बोटांवर. बाजारची तयार काडतुसं सशांच्या मागे धावणाऱ्यांसाठी ठीक. पण सहाशे यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकात घालायच्या असतील, तर प्रत्येक काडतूस हाताने, आपल्याच रायफलीच्या मापाने, दाण्यादाण्याचं वजन करून भरावं लागतं. आणि ते स्वतःचं स्वतः. नियमाला अपवाद एकच, नवराबायको. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण क्लबात नवराबायकोच्या खोक्यांकडे कोणी भुवया उंचावून बघत नाही. नोरीन चौतीस वर्षं माझीच काडतुसं झाडत आली. एखाद्या बाईच्या खिशात परक्या पुरुषाचा रुमाल सापडला, तर नवऱ्याने काय समजायचं ते समजतो. मी म्हणेन, रुमाल परवडला.

कोणाच्या हातचं, याचा विचार करायला मला वेळ लागला नाही. रॉयस आमडाल. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर हा माणूस क्लबात आला. निवृत्त औषधवाला, उभा जन्म काचेमागे उभं राहून लोकांच्या गोळ्या मोजलेला आणि भुकट्या तोललेला. त्याचे हात मी पाहिले आहेत, मोठे, गुलाबी, बाळंतिणीजवळ ठेवावेत इतके स्वच्छ. पहिल्याच वर्षी तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला होता, "डाइकस्ट्रा, तुझा तराजू उजवीकडे झुकतोय बरं का." मी म्हणालो, "तराजू नाही, टेबल झुकतंय." त्याने हसत हसत टेबलाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि तराजू सरळ झाला. तेव्हापासून मला तो आवडत नाही. आणि नोरीन गेले चार महिने दर गुरुवारी त्याच्याकडे जाते. कारण काय, तर त्याच्या बायकोने, बेव्हने, अर्धवट टाकलेली गोधडी तिला पुरी करायची आहे. चांगली गोष्ट आहे, मेलेल्या मैत्रिणीची गोधडी पुरी करावी. पण चार महिन्यांत त्या गोधडीचा एक तुकडा, एक वीतभर धागा आमच्या घरी आलेला नाही. आला तो फक्त वास. गुरुवारी ती परतली की तिच्या बोटांना लोकरीच्या मेणाचा वास यायचा, मेंढी ओली झाली की येतो तसा. पुंगळी साच्यात दाबायच्या आधी तिला हे मेण चोळतात. माझ्याही बोटांना तोच वास असतो, त्यामुळे इतके दिवस मला तो आमच्या घराचाच वाटत होता. आता मशीनसमोर बसल्या बसल्या कळलं की तो दुसऱ्या घरून येत होता. त्या गुलाबी हातांनी तिचा हात धरला असणार. नुसता हात धरला तर एवढा वास लागतो का, असंही मनात आलं, आणि पुढे जे मनात आलं ते मी इथे सांगत नाही.

खरं तर हे दुखणं जुनं आहे आणि रॉयसच्या आधीचं आहे. आमचं लग्न ठरायच्या उन्हाळ्यात मी नोरीनला पहिल्यांदा रेंजवर नेलं होतं. तेव्हा ती शाळेची बस चालवायला नुकतीच लागली होती, चोवीस वर्षांची, आणि मला तिच्यापुढे मिरवायचं होतं. मी पाच गोळ्या झाडल्या, बऱ्या पडल्या. मग गंमत म्हणून तिला माझ्या रायफलीमागे बसवलं. श्वास कधी सोडायचा, बोट कसं ठेवायचं, हे मी तिच्या कानात सांगत होतो. तिच्या मानेवर बारीक घाम होता आणि मला फार सुख वाटत होतं. ती म्हणाली, "तू जरा मागे सर ना, गुदगुल्या होतात." मी मागे सरलो. तिने पाच गोळ्या झाडल्या. नेमाचा कागद आणायला मीच गेलो. चालत परत येताना वाटेत एकदा वाटलं, हा कागद फाडून वाऱ्यावर सोडावा आणि सांगावं की वाऱ्याने नेला. आमच्याकडचा वारा बदनाम आहेच, कोणालाही पटलं असतं. फाडला नाही, हे मी आजवर माझं पुण्य समजत आलो. तिच्या पाचही गोळ्या एका अंगठ्याखाली झाकल्या जात होत्या. त्या दिवसानंतर मी चढाओढीत कधी रायफल धरली नाही. मी तिला म्हणालो, तू झाड, मी भरतो. लोकांना वाटलं काय दिलदार माणूस. मला मात्र माहीत होतं, की तिच्या प्रत्येक भोकात निम्मा वाटा माझा ठेवायचा हाच एक मार्ग उरला होता. क्लबातल्या फळीवर सोळा वर्षांच्या विजेत्यांत तिचं नाव आहे. मी त्या फळीसमोर कॉफी पीत उभा राहतो तेव्हा प्रत्येक नावामागे माझं नाव मनात वाचतो.

गेल्या वर्षी फळीवर तिचं नाव नव्हतं. मी दारूच्या नव्या लॉटला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या, नळी झिजली म्हणालो. ती म्हणाली, "असेल."  त्या वेळी मला ते मोठेपण वाटलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी पुंगळीचा विषय काढला नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती आणि छातीला चिमटा बसावा तशी सतत जाणवत होती.

"रॉयसचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात म्हणतो."

"आणि गोधडी?"

"कुठली गोधडी?"

"बेव्हची. जिच्यासाठी तू दर गुरुवारी जातेस ती."

"हां, ती होय. चाललीय की." तिने बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "घे ना. मऊ केलेत तुझ्यासाठी."

"मऊ कशाला? दात बनवणाऱ्याचे दात शाबूत आहेत अजून."

"दातांसाठी नाही रे, सुरी धरायला नको म्हणून..." ती थांबली आणि मिठाकडे हात नेला. "रविवारच्या चढाओढीला वारा कमी आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? रॉयस?"

"रेडिओ," ती म्हणाली. "तुला आज झालंय काय, हार्लन?"

मी सुरी मुद्दाम उचलून हरणाच्या मांसाचा तुकडा कापला. सुरी बशीवर टकटक वाजली. हात हल्ली थोडा वाजतो, चौसष्टाव्या वर्षी कोणाचा वाजत नाही? पण ती बशीकडे पाहत होती आणि मला वाटलं, ही आता माझे हात मनात दुसऱ्या हातांशी ताडून बघत असणार. चौतीस वर्षांत मी कधी तिला इतकं निरखून जेवताना पाहिलं नव्हतं. ती छान दिसत होती, गेल्या वर्षीपेक्षा छान. गाल भरल्यासारखे, मनाशी काहीतरी चालू असल्यासारखे. नवीन काही हाती लागलेल्या माणसाचा तजेला असतो तो, आणि तो मी तिला दिलेला नव्हता.

शनिवारी दुपारी ती केस कापायला गेली. बहिणीने तिला नेलं, त्यामुळे आमची गाडी दारातच होती. मी ती उघडून शोधायला लागलो. सीटमागे घोंगडीखाली हिरवा प्लास्टिकचा डबा होता. माझा निळा, भरून तयार, तळघरात टेबलावर होता. तो मी चार दिवस खपून भरला होता. मी हिरवा डबा तळघरात नेला, दिवा लावला आणि उघडला. पन्नास काडतुसं, ओळीने उभी. कसं सांगू, इतकी सारखी की डोळा एकावर थांबेना. मी माप घेतलं. लांबीत फरक नाही. फिरवून पाहिली, एकीचीही गोळी डुगडुगत नाही. मग आम्ही सुटं करायला वापरतो ते पोकळ हातोडीसारखं हत्यार घेतलं, त्यात एक काडतूस अडकवलं आणि फरशीवर आपटलं. दुसऱ्या आपटीला गोळी आणि दारू आत सुटली. दारू तराजूवर ओतली, लिहून ठेवली. दुसरं सुटं केलं. तिसरं. तिन्हींत मिळून एका दाण्याचा फरक. माझ्या निळ्या डब्यातली तीन सुटी केली, कारण मला स्वतःला फसवायचं नव्हतं. आणि आकडे पाहिल्यावर वाटलं, फसवलं असतं तर बरं झालं असतं. मी चष्मा पुसला. दोन्ही वेळा तराजू तोच, खोली तीच. माझ्या तीन काडतुसांत जेवढा फरक होता, तेवढ्याने सहाशे यार्डांवर गोळी दोन बोटं इकडची तिकडे जाते.

मत्सराला चव असते असं म्हणतात. मला वास आला, लोकरीच्या मेणाचा, त्या पन्नास पुंगळ्यांचा मिळून. हा माणूस रविवारी माझ्या बायकोच्या गालापाशी असणार, आणि तिचं नाव फळीवर लागेल तेव्हा त्या नावामागचं नाव रॉयसचं असेल. तिच्या पहिल्या भोकापासून जपलेला माझा वाटा माझ्या देखत दुसऱ्याच्या पदरात. मला नोरीनचं नुकसान करायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मला फक्त तो खोटा पडायला हवा होता. तिने मान वळवून म्हणावं, हार्लन, तुझं ते तुझंच. मी हिरव्या डब्यातली ती तीन काडतुसं होती तशी पुन्हा भरली. त्यातल्या एकात भरताना चिमूटभर दारू कमी घातली. धोका काही नव्हता. गोळी निघणार, फक्त हळू निघणार आणि खाली पडणार. नोरीनची रीत मला पाठ आहे. वारा अजमावायच्या गोळ्या ती डब्याच्या मागच्या ओळीतून घेते, आणि मोजणीच्या पाच पुढच्या ओळीतून, डावीकडून उजवीकडे. मी ते काडतूस पुढच्या ओळीत पाचवं उभं केलं. या कामात माझा हात अजिबात हलला नाही. डबा घोंगडीखाली ठेवला, हात साबणाने दोनदा धुतले. ती आली तेव्हा तिचे केस मी छान झालेत म्हणालो. छान झालेच होते.

रविवारी वारा खरंच कमी होता. रेंजवर वीसेक माणसं, दोन-तीन थर्मासभोवती घोळके, गवतात लावलेली वाऱ्याची निशाणं आळसावून लोंबत होती. रॉयस आपल्या टेबलाशी होता. "काय डाइकस्ट्रा," तो म्हणाला, "आज वारा कोणाच्या बाजूने?"

"वारा कोणाचाच नसतो. काही लोकांना तसं वाटतं एवढंच."

"सकाळी सकाळी व्हिनेगर प्यालास की काय?" तो हसला आणि नोरीनकडे बघून त्याने मान हलवली. तिनेही हलवली. ते मान हलवणं मी दिवसभर चघळलं असतं, पण तेवढ्यात तिची पाळी पुकारली. ती बसली. पिशवीतून दोन्ही डबे काढून तिने निळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे न बघता हिरवा उघडला. आमच्यात नेमबाजाशी कोणी बोलत नाही, म्हणून मी तिच्या मागे दहा पावलांवर माझ्या दुर्बिणीशी उभा राहिलो. तिने मागच्या ओळीतल्या तीन झाडल्या, रायफलीवरच्या दुर्बिणीचा काटा फिरवला. मग पुढची ओळ. पहिली गोळी. दुसरी. दुर्बिणीत पाहिलं तर मला दुसरं भोक दिसेना. आधी वाटलं चुकली, मग पाहिलं की पहिलंच भोक जरा लांबट झालंय. तिसरी. चौथी. सहाशे यार्डांवर चार गोळ्यांचं मिळून ते एक फाटकं भोक होतं, माझ्या चौतीस वर्षांत तसं मी पाहिलं नव्हतं. मागे कोणीतरी हळूच शीळ घातली. पाचवीही तिथेच पडती, तर क्लबाच्या इतिहासातली सगळ्यांत लहान भोकाची नोंद झाली असती. नोरीनने पाचवं काडतूस उचललं, आत सारलं आणि थांबली. निशाणं हलायला लागली होती. ती वारा पडायची वाट बघत होती.

रॉयस माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. "ओरडू नकोस," तो कुजबुजला, "पण मला आता राहवत नाही. ती काडतुसं तिची आहेत."

"तिची म्हणजे?"

"तिने भरलीत. एकूण एक. चार महिने माझ्या तळघरात बसून शिकली. मी नुसती खुर्ची दिली आणि कॉफी. पहिले दोन महिने तर रडकुंडीला यायची." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हाताऱ्याच्या. "तुझा हात हल्ली ऐकत नाही, हार्लन. तिला ते तुला सांगायला जीभ वळेना. म्हणाली, जिंकले की सांगेन, म्हणजे त्याला हसू येईल, लागणार नाही."

मी नोरीनच्या पाठीकडे पाहिलं. नवे कापलेले केस, मानेवर बारीक घाम. आमच्या रेंजवर नियम आहे, कोणीही, अगदी लहान मुलानेही, "थांबा" असं ओरडलं की सगळ्या रायफली तिथल्या तिथे थांबतात. कारण नंतर विचारतात. मला ओरडता आलं असतं. निशाणं अजून हलत होती. मी म्हणतो मिनिटभर तरी वेळ होता. कारण विचारलं असतं तर काय सांगायचं, हे मी म्हणत होतो स्वतःशी, पण ते खरं नाही. खरं हे, की रॉयसबद्दलचा राग एका क्षणात विझला होता आणि त्याच्या जागी मला काहीही हलकं वाटलं नाही. रॉयस असता तर बरं होतं. रॉयसच्या हातून ती परत घेता आली असती. इथे झाडणारही तीच, भरणारही तीच. त्या चार गोळ्यांच्या भोकात माझ्यासाठी जागाच नव्हती. मी दुर्बिणीला डोळा लावला. निशाणं एकेक करून खाली आली. तिच्या खांद्याने श्वास सोडला.

पाचवी गोळी खाली गेली, चार बोटं खाली, पांढऱ्या कागदावर एकटीच.

 नोरीनने रायफल उघडून बाजूला ठेवली आणि ती पुंगळी हातात घेऊन बघत राहिली. आमच्याकडे कागद आणून क्लबाच्या एका भिंतीवर टांगतात. तिच्यासमोर उभं राहून प्रत्येक जण आपापल्या हुकलेल्या गोळीची कहाणी सांगतो, म्हणून तिला रडकी भिंत म्हणतात. नोरीन त्या भिंतीसमोर रडली नाही. ती हसून म्हणाली, "तुला रॉयसने सांगितलंच असेल. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"सांगितलं," मी म्हणालो.

"रागावलास?"

"नाही."

"मला वाटलं होतं जमलं. चार तर बघ ना कशा पडल्या! मग हे काय झालं?" तिने बोट त्या पाचव्या भोकावर ठेवलं. "वारा नव्हता. माझा हातही हलला नाही, मला कळतं हलला की. काडतुसातच काहीतरी."

रॉयस मागून म्हणाला, "मी तिची प्रत्येक तोलणी बघितलीय, हार्लन. एकही—"

"तू गप रे," नोरीन त्याला म्हणाली. "तू गोळ्या विकल्यास जन्मभर. त्याला कळतं यातलं." मग ती माझ्याकडे वळली. "सांग ना. माझं कुठे चुकलं असेल?"

रॉयस माझ्याकडे बघत होता. मी कागदाजवळ गेलो, चष्मा वर केला आणि ते भोक नीट न्याहाळलं, दातांचे डॉक्टर साचा न्याहाळतात तसं.

"दारू कमी पडली," मी म्हणालो. "शेवटी शेवटी माणूस थकतो. वाटतं तराजू स्थिर झाला, तो झालेला नसतो, आणि आपण घाई करतो. नवख्यांचं होतं असं."

"मला तर थकल्यासारखं वाटलं नव्हतं."

"कळत नाही तेव्हा. अजून एक-दोन वर्षं माझ्याशेजारी बसून बघ, मग कळेल."

तिने मान डोलावली. जाकिटाच्या आतल्या खिशातून एक छोटी वही काढली, तिच्यात पानंच्या पानं तिच्या अक्षरात भरलेली होती, तारखा, आकडे, कुठे दोन-दोन रेघा मारलेले. तिने कोरं पान उघडलं, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाली, "सावकाश सांग. शेवटी शेवटी काय होतं?"

मी सावकाश सांगितलं आणि तिने ते सगळं लिहून घेतलं.